निळी रेघ

१

थोरली जिन्याच्या पायथ्याशी पडली होती. जिवंत माणसाची मान वळत नाही तशी तिची मान वळलेली होती. पोटमाळ्याच्या खिडकीतून दुपारचं धुरकट ऊन खाली उतरत होतं आणि दुकानभर टांगलेले नमुन्याचे पडदे पाण्याखाली असल्यासारखे संथ डुलत होते. जिन्याच्या मध्यावर तिचा भाऊ उभा होता. त्याच्या मुठीत तिच्या बाहीचा फाटका तुकडा होता.

समोर काउंटरपाशी धाकटी बहीण खुर्चीत बसली होती. मांडीवर पडद्याच्या कड्या, हातात सुई-दोरा. सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

पडदे शिवून विकायचं ते दुकान या तिघा भावंडांचं होतं. मागच्या खोलीत मास्तर शिवणयंत्रावर बसायचे, आणि अंगणापलीकडचं कापडाचं गोदाम धाकटीचा नवरा सांभाळायचा. त्याला सगळे जावई म्हणत. घरजावई म्हटलेलं त्याला आवडत नसे.

पोलीस आले. तपास करणारा अधिकारी तरुण होता, पण उतावळा नव्हता. त्यानं धाकटीसमोर स्टूल ओढलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही काय पाहिलं?"

"ताई वर उभी होती," धाकटी म्हणाली. "भाऊचा हात तिच्या बाहीवर होता. ताई तिरकी होती. ताई खाली होती."

"म्हणजे भावानं ओढलं?"

"हात बाहीवर होता."

"पण हात बाहीवर आला कसा? आणि त्या पडल्या कशा? मधे काय झालं?"

धाकटीनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "मधलं मला दिसत नाही," ती म्हणाली.

अधिकाऱ्याला वाटलं, धक्का बसलाय. पण मागच्या खोलीतून मास्तरांनी सांगितलं की ती खरंच बोलतेय. दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि तेव्हापासून तिला हलणारं काही दिसत नाही. थांबलेलं दिसतं. सकाळी भावाबहिणीची कडाक्याची वादावादी झाली, हेही मास्तरांनीच सांगितलं. भाऊ एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी तिला धरायला गेलो हो." संध्याकाळी त्याला गाडीत बसवून नेलं.

जाता जाता अधिकाऱ्यानं विचारलं, "यांच्यावर उपचार कोण करतं?"

मास्तरांनी डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि अधिकाऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. ती त्याची सख्खी मावशी होती.

२

मावशी मेंदूची डॉक्टर होती, आणि मेंदूतही तिला वेड होतं ते डोळ्यांच्या हालचालींचं. माणूस कुठं बघतो, कुठून कुठं उडी मारतो, कशावर रेंगाळतो, हे टिपणारं यंत्र घेऊन ती इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत बसायची. खोलीला राखाडी रंग होता. आत शिरलं की आपण झोपेच्या उंबरठ्यावर आहोत असं वाटायचं.

"मला एक दाखला हवाय," भाचा म्हणाला. "तुझी पेशंट साक्ष द्यायला लायक आहे की नाही, एवढंच लिहून दे."

"दाखला मागायला आलास, चहाही नको असेल मग."

"चहा हवाच."

मावशीनं चहा ओतायला घेतला. "ही धार बघ. तुला वाहताना दिसते. तिला ती गोठलेली दिसते, काचेच्या कांडीसारखी. कपात चहा चढताना दिसत नाही. आधी रिकामा कप, मग टेबलावर सांडलेला चहा. रस्त्यावरची गाडी लांब असते, आणि एकदम अंगाशी असते. माणसं इथे असतात, मग तिथे असतात."

"भयंकर आहे."

"ती म्हणते, स्वप्नात असल्यासारखं आहे. स्वप्नातही आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कसे गेलो ते कुठं आठवतं?" मावशीनं कप पुढे सरकवला. "आणि तू फार हुरळून जाऊ नकोस. तुझेही डोळे सारखे उड्याच मारत असतात. प्रत्येक उडीच्या वेळी क्षणभर तूही आंधळा असतोस. तुझा मेंदू ते तुकडे टाचून देतो, म्हणून जग तुला अखंड वाटतं. तिच्या मेंदूतली ती शिवण उसवली आहे."

"मग ती जे सांगते ते खरं का खोटं?"

"तिनं पाहिलेलं प्रत्येक चित्र खरं असणार. मला भीती आहे ती क्रमाची."

भाच्यानं कप खाली ठेवला.

"बघ ना," मावशी म्हणाली, "बाहीवर हात आहे, एवढंच चित्र घे. तो हात ओढतोय की सावरतोय, हे चित्रातून कळतं का? दोन्ही वेळा मूठ सारखीच वळते. बाहीही सारखीच फाटते. सगळं यावर अवलंबून आहे की हात आधी आला की तोल आधी गेला. आणि क्रम तिला दिसत नाही, तो ती नंतर लावते. तुम्ही तिच्या भावाला आत बसवलंय ते तिच्या अंदाजावर."

३

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः दुकानात गेली. शटर अर्धंच उघडलेलं होतं. आत कापडाचा कोरा वास, आणि इतके पडदे की माणूस कुठं उभा आहे ते आवाजावरूनच ओळखायचं.

जावयानं तिला आत नेलं. तो चालला की बारीक छुमछुम व्हायची. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि जुडग्याला घुंगरू बांधलेलं.

"हिच्यासाठी," तो ओशाळं हसून म्हणाला. "मी आलो की ती दचकायची. आता तिला कळतं."

मास्तर मागून म्हणाले, "असा नवरा मिळायला नशीब लागतं."

मावशीनं मास्तरांपासून सुरुवात केली. भांडण कशावरून झालं?

"धाकट्या ताईंवरून," मास्तर म्हणाले. "त्यांचं अलीकडे फार बिघडत चाललंय. ठेवलेली कात्री जागेवर नसते, कप भलतीकडेच असतो, मग घाबरतात, रडतात. भाऊ म्हणत होते, त्यांना आश्रमात ठेवू, तिथं डॉक्टर असतात. थोरल्या बाई म्हणाल्या, माझ्या देहात प्राण आहे तोवर नाही, मी तिला वर माझ्या खोलीत घेऊन जाते, तिथं ती माझ्याजवळ राहील. भाऊ तसे वाईट नाहीत हो. त्यांच्या डोक्यात हे आश्रमाचं कुणी भरवलं कोण जाणे."

"बाई पडल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"यंत्रावर. धप्प आवाज झाला आणि पाय थांबला माझा."

"आणि तुम्ही?" मावशीनं जावयाला विचारलं.

"गोदामात. मास्तरांची हाक ऐकून पळत आलो."

मावशी जिन्यापाशी गेली. जिन्याच्या कठड्यावर एका जागी निळ्या रेशमाचे दोन-तीन धागे अडकले होते. तिनं ते बोटावर घेतले.

"परवा दुपारी निळा तागा तपासायला काढला होता," मास्तर म्हणाले. "बाईंची पद्धतच होती ती. तागा खाली पडद्यांपाशी ठेवायचा आणि कापडाचं टोक कठड्यावरून वर न्यायचं, खिडकीच्या उजेडात धरून विणीतला दोष शोधायचा. चष्म्याशिवाय बारीक दिसायचं त्यांना."

"मग तो तागा आता कुठं आहे?"

तागा फळीवर होता, नीट गुंडाळलेला, कडा जुळवून. मावशीनं तो उलगडला. टोकापाशी कापडाची वीण एका रेषेत ताणली गेली होती, आणि त्या ताणाच्या शेवटी धुळकट बुटाचा अर्धा ठसा होता. थोरलीचा बूट, लहान आणि अरुंद.

"हा कुणी गुंडाळला?"

मास्तरांनी मान हलवली. "मी नाही. मला वाटलं, पोलिसांनी."

"घरात प्रेत पडलेलं असताना," मावशी हळूच म्हणाली, "तागा गुंडाळायची सवड कुणाला झाली?"

पडद्यांमागे कुठेतरी घुंगरू वाजलं आणि थांबलं.

४

धाकटीला इस्पितळात आणलं तेव्हा बाहेर धुकं होतं. तिला धुकं आवडायचं. धुक्यात सगळ्यांनाच कमी दिसतं, ती म्हणायची.

मावशीनं तिला यंत्रापुढे बसवलं, हनुवटी टेकवायला दिली. समोरचा पडदा कोरा होता, फिकट राखाडी. भाचा मागच्या खोलीत दुसऱ्या पडद्यापुढे बसला. तिथं धाकटीची नजर एका पांढऱ्या ठिपक्याच्या रूपात दिसत होती.

"इथं काहीच नाहीये, डॉक्टर," धाकटी म्हणाली.

"हो. तू तुझ्या खुर्चीत बसली आहेस असं समज. समोर जिना आहे. ती दुपार आठव. बोलायचं नाही, नुसतं आठवायचं."

धाकटीचा श्वास संथ झाला. ठिपका थोडा वेळ मधोमध थरथरत राहिला. मग तो डावीकडे खाली गेला, कोपऱ्यात, आणि तिथंच थांबला. तिथून तिरका वर चढला. उजव्या टोकाशी पोचला. मग जराशा खाली, अधांतरी जागेत उतरला. मग मध्यावर. आणि शेवटी तळाशी.

मावशीनं तिला पुन्हा आठवायला सांगितलं. ठिपका पुन्हा त्याच वाटेनं गेला, पावलावर पाऊल टाकावं तसा.

भाचा दारात येऊन उभा राहिला. "हे काय आहे?" तो कुजबुजला. "समोर तर काही नाही."

"आठवताना डोळे जुन्या जागी परत जातात," मावशी म्हणाली. "समोर कोरी भिंत असली तरी. तुझेही जातात, माझेही. पुष्कळदा ज्या क्रमानं पाहिलं त्याच क्रमानं जातात. सांगताना आपण गोष्ट जुळवून सांगतो. डोळ्यांना गोष्ट माहीत नसते."

मग ती धाकटीशेजारी बसली आणि तिनं कोऱ्या पडद्यावर बोट ठेवलं, डावीकडे खाली. "तू सगळ्यात आधी इथं पाहिलंस. इथं काय आहे?"

"नमुन्याचे पडदे. इथं काही नव्हतं." धाकटी थांबली. "रेघ होती."

"कसली?"

"निळी. आधी कापड लाटांसारखं पडलं होतं, जिन्यावरून खाली. मग ते सरळ होतं. दोरीसारखं. पडद्यातून निघून वर गेलेलं." तिचा आवाज झोपेतल्यासारखा झाला होता. "मला वाटलं, किती सरळ रेघ आहे."

"रेघ वर कुठं जाते?"

"ताईच्या पायाखाली."

मावशीनं बोट वरून थोडं खाली आणलं, अधांतरी जागेवर. "आणि इथं?"

"ताई. तिरकी. पाय हवेत आहे."

"त्या चित्रात भाऊचा हात कुठं आहे?"

धाकटी बराच वेळ कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तिनं हनुवटी हलवली नाही.

"हात अजून आलेला नाही," ती म्हणाली.

५

"कोर्ट हे मानणार नाही," भाचा म्हणाला. धाकटी बाहेरच्या खोलीत पांघरूण घेऊन बसली होती. "कोऱ्या पडद्यावरचा ठिपका पुरावा होत नाही."

"होऊही नये. मेंदू फार लबाड असतो. ठिपक्यानं एवढंच सांगितलं की कुठं शोधायचं. बाकीचं कापडानं सांगितलंय. थोरली कापडाच्या टोकावर उभी होती. खाली पडद्यांमागून कुणीतरी कापड ओढलं. बुटाचा ठसा आणि ताणलेली वीण तुझ्या माणसांना तपासू दे. भाऊ तेव्हा जिन्याच्या मध्यावर होता, कापडाचं दुसरं टोक त्याच्या हाती असणं शक्य नाही."

"मग मास्तर. पडदे त्यांच्या खोलीच्या दाराशीच आहेत."

मावशीनं दार किलकिलं करून धाकटीला विचारलं, "त्या दुपारी काय काय ऐकू येत होतं गं?"

डोळ्यांनी दगा दिल्यापासून धाकटी कानांवर जगत होती. तिला आठवायला वेळ लागला नाही. "यंत्र चालू होतं. सारखं. ताई पडल्याचा आवाज झाला, मग थांबलं. वरच्या खिडकीत कबुतर होतं. भाऊ जिन्यावर चढताना खोकत होता. मग ताई आणि तो दबक्या आवाजात बोलत होते, यंत्रामुळे शब्द कळले नाहीत."

"आणि घुंगरू?"

"नाही. आम्ही दोघं जेवून उठल्यापासून एकदाही नाही." आणि मग नवऱ्याची बाजू घेत ती घाईनं म्हणाली, "म्हणजे ते तिथं नव्हतेच, डॉक्टर. मास्तरांनी हाक मारल्यावर आले, तेव्हाही मला कळलं नाही. एकदम माझ्या शेजारीच होते."

मावशीनं दार हलकेच लोटून घेतलं. भाच्याकडे बघायला तिला जड गेलं.

"मास्तरांचा पाय यंत्रावर होता. यंत्र थांबवल्याशिवाय त्यांना कापड ओढता आलं नसतं," ती म्हणाली. "आता तू सांग. जावई म्हणतो, गोदामात होतो. गोदामाला कुलूप असतं की नसतं?"

"असतं. काल मीच त्याच्याकडून उघडून घेतलं. किल्ली त्या जुडग्यात आहे." भाचा बोलता बोलता थांबला.

"जुडग्याला घुंगरू आहे. आणि गोदामात जायचं तर धाकटीच्या खुर्चीजवळून जावं लागतं, दुसरी वाट नाही. घुंगरू न वाजवता तो गोदामात गेला कसा?"

"जुडगा कुठंतरी काढून ठेवला असेल."

"काढून ठेवला, तर कुलूप कशानं उघडलं?"

६

जावयानं फार नाकारलं नाही. भाच्यानं त्याला दुकानातच गाठलं. मावशी सोबत होती. मास्तरांना बाहेर बसवलं होतं. बोलणं चालू असताना वाऱ्यानं पडदे फुगत होते, आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

"मी कापड ओढायला गेलो नव्हतो," तो म्हणाला. "त्या दोघांचं काय ठरतंय ते ऐकायला जिन्यालगतच्या पडद्यामागे उभा होतो. थोरली भाऊला म्हणाली, तुझा हा आश्रमाचा हट्ट जावयानं भरवलाय, आणि त्यानं काय चालवलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

"काय पाहिलं होतं त्यांनी?" भाच्यानं विचारलं.

उत्तर मावशीनं दिलं. "हा तिच्यासमोरचा कप उचलून दुसरीकडे ठेवायचा. कात्री हलवायचा. तिच्यासमोर उभं राहून, घुंगरू मुठीत धरून. तिला हालचाल दिसत नाही. ती समजायची, आपला मेंदूच चाललाय. दोन वर्षं मी तिला तपासतेय. माझ्या खोलीत तिची एकही वस्तू कधी नाहीशी झाली नाही. मला हे आधीच खटकायला हवं होतं."

जावयानं ते खोडून काढलं नाही. "तुम्ही तिला आधी पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "घरात थांबायचीच नाही. आज इथं पडदे लाव, उद्या तिथं. मी विचारायचो, कधी येशील, तर म्हणायची, बघू. आजारी पडल्यावर पहिल्यांदा तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. मग हळूहळू ती पुन्हा सावरायला लागली. कानांनी चालायला शिकली. थोरली तिला कामाला लावणार होती. मला माहीत होतं, एकदा ती त्या जिन्यानं वर गेली की खाली माझ्याकडे येणार नाही."

"म्हणून आश्रम?"

"तिथं मी रोज गेलो असतो. तिथं तिला माझ्याशिवाय कोण असतं?" त्याचा आवाज अगदी मऊ होता. "थोरली म्हणाली, आत्ताच खाली जाते आणि तिला सगळं सांगते. ती वळली. कापडाचं टोक तिच्या पायाखाली होतं आणि दुसरा भाग माझ्या हाताशी. मी विचार केला नाही."

"नंतर तागा गुंडाळलात, तेव्हा विचार केलात," भाचा म्हणाला.

जावयानं कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. जाताना तो दारात थांबला. "तिनं मला पाहिलं होतं का?" त्यानं विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही पडद्यामागे होता."

७

भाऊ सुटला त्या दिवशी मावशी दुकानात गेली होती. धाकटी त्याच खुर्चीत बसली होती, पण मांडी रिकामी होती.

"डॉक्टर, एक विचारू? माझ्या डोळ्यांना ठाऊक होतं का? ते पडद्यामागे आहेत, हे?"

मावशीला खोटा धीर द्यायचा नव्हता. "डोळे तिथं गेले होते. रेघ बघायला. ओळखणं वेगळं असतं. ते आपलं आपल्याला करावं लागतं, आणि ते आवडत्या माणसाच्या बाबतीत कुणालाच पटकन जमत नाही. निरोगी डोळे असलेल्यांनाही नाही. मलाही नाही जमलं."

"मी तर म्हणत होते, ते तिथं नव्हतेच."

"तुला जे ऐकू आलं ते तू सांगितलंस. तेवढंच पुरलं."

शटर वर गेलं. उजेड आत आला आणि त्या उजेडात भाऊ उभा होता. कोठडीतल्या दिवसांनी त्याचे गाल आत गेले होते. मावशी उठून पडद्यांच्या रांगेपलीकडे गेली. तिला ऐकायचं नव्हतं, पण कापडाच्या दुकानात भिंती नसतात.

"भाऊ," धाकटी म्हणाली, "मी तुला आत घातलं."

"तू पाहिलंस ते सांगितलंस."

"नाही रे. पाहिलेलं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी जुळलं ते सांगितलं. सकाळी तुमचं भांडण ऐकलं होतं, म्हणून क्रमात तुझा हात आधी लावला."

भाऊ म्हणाला, "मी तिला धरलं होतं गं. बाहीच हातात राहिली."

"माहितेय. आता माहितेय."

मागे मास्तरांचं यंत्र सुरू झालं, जरा चाचरत, मग लयीत.

"ताईची खोली झाडायला हवी," भाऊ शेवटी म्हणाला. "तुझं सामान वर न्यायचं तर खिडकीजवळची ताग्यांची रास हलवावी लागेल. मी वर जाऊन बघतो."

त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तो थांबला. धाकटीनं त्याला पाहिलं. मग दुसऱ्या पायरीवर गेला आणि थांबला. तिनं पुन्हा पाहिलं. कुणी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. घाई न करता, प्रत्येक पायरीवर उभं राहून, तिचे डोळे आपल्यापर्यंत येऊन पोचेतो वाट बघत, तो वर चढत गेला. धाकटीला तिचा भाऊ जिन्याच्या तळापासून खिडकीपर्यंत सगळा दिसला.